दत्तक घ्यायचंय? पैशांची जुळणी अशी करा

मी देवगडात एका पतपेढीत कॅशिअर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे म्हटल्यावर घरचा खर्चही वहीत उतरवायची खोड लागते. २०१७ साली आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं आणि २०१९ च्या सुरुवातीला मुलगी घरी आली. त्या काळातली वही अजून कपाटात आहे. तालुक्यातून कोणी ना कोणी फोन करून विचारतं, “ताई, एकूण किती लागतात हो?” कोणी पाच लाख ऐकलेले असतात, कोणी दहा. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी सरकारी आकडा. दत्तकाचा सगळा कारभार ‘कारा’ म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण बघतं आणि फी तेच ठरवतं. आमच्या वेळी २०१७ ची नियमावली लागू होती. नोंदणी आणि गृह अध्ययन अहवाल (समाजसेविका घरी येऊन चौकशी करून लिहिते तो) मिळून ६,००० रुपये. मूल ज्या संस्थेतून येतं त्या संस्थेला ४०,०००. मूल घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटीला येते, त्या प्रत्येक भेटीचे २,०००, अशा चार भेटी. बेरीज ५४,०००. पुढे २०२२ ची नवी नियमावली आली. तिच्या शेवटी फीचं परिशिष्ट जोडलेलं आहे. पैसे भरायच्या दिवशी ते उघडून रक्कम ताडून बघा, शेजारणीने तीन वर्षांपूर्वी किती भरले यावर जाऊ नका.

हे पैसे एकदम भरायचे नसतात, हे आमच्यासारख्या बागायतदारांच्या घरी फार महत्त्वाचं. आमची पन्नासेक हापूसची कलमं. पैसा हातात येतो एप्रिल-मे मध्ये, फवारणीचं बिल वजा जाऊन. पहिली रक्कम अहवालाच्या वेळी, मोठी रक्कम मूल स्वीकारताना, आणि भेटींची त्यानंतर. मोठी रक्कम कधी लागेल याचा मात्र अंदाज बांधता येत नाही. बोलावणं भर नोव्हेंबरात आलं तर बाग तुम्हाला एक रुपया देणार नाही. म्हणून नाव नोंदवलं त्याच हंगामात आम्ही तेवढी रक्कम मुदत ठेवीत टाकली. ठेव अशी निवडा की दोन दिवसांत मोडता येईल. मी काउंटरवर बसते म्हणून सांगते, जास्त व्याजाच्या आशेने पाच वर्षांसाठी अडकवलेली ठेव ऐन वेळी मोडायला गेलं की व्याजही जातं आणि वेळही.

पैसे चेकने किंवा ऑनलाइनच भरा आणि पावती घ्या. रोख कोणी मागितलं तर तिथेच थांबा. संस्थेला देणगी द्यायची पद्धतही इथे चालत नाही, वस्तूच्या रूपातसुद्धा नाही. आमच्या सासूबाईंनी संस्थेतल्या बायकांसाठी घरच्या काजूगरांचा डबा बरोबर दिला होता. अधीक्षकबाईंनी हसून तो परत हातात ठेवला. “मुलगी घरी नेताय ना, तिलाच द्या मोठी झाल्यावर.” सासूबाईंना वाईट वाटलं, मला मात्र त्या संस्थेबद्दल तेव्हाच खात्री पटली.

नोंदणी आणि कागद

नोंदणी काराच्या पोर्टलवर घरबसल्या होते. ज्यांना जमत नाही ते महा ई-सेवा केंद्रात जातात, तेही ठीक. फक्त तिथे मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचाच द्या. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याच्या अर्जात केंद्रचालकाने सवयीने स्वतःचा ई-मेल टाकला होता. मुलाची माहिती पोर्टलवर आली की ते मूल राखून ठेवायला ४८ तासच मिळतात. तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर संधी पुढच्या कुटुंबाकडे जाते. आता आमच्याकडे जुलैत वारा सुटला की वीज जाते, विजेबरोबर टॉवर जातो, आणि रेंज शोधत माणूस सड्यावर चढतो. आम्ही पासवर्ड डोंबिवलीच्या दिराकडे देऊन ठेवला होता. रोज रात्री तो लॉगिन करून बघायचा. याला पैसे लागत नाहीत, पण विश्वासातलं माणूस लागतं.

कागद म्हणाल तर पॅन, जन्मतारखेचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, वैद्यकीय दाखला, कुटुंबाचा फोटो. ऐकायला सोपे. कोकणात अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे लग्नाची नोंदच नसते. अंगणात मांडव घालून लग्न झालं, फोटोंचा अल्बम आहे, दाखला नाही. ग्रामपंचायतीत जाऊन आधी तो काढून घ्या. दुसरं, बाईचं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गायब. मग प्रतिज्ञापत्र, नोटरी, टायपिंग, झेरॉक्स. यात एका वेळी दोनशे-चारशे जातात आणि शेवटी दोन-अडीच हजार झालेले असतात. शिवाय प्रत्येक वेळी तालुक्याला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी किंवा रजा गेली, तीही धरा.

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल बागायतदारांना धास्ती असते. पगाराची स्लिप नाही, आंब्याचा हिशेब दलालाच्या पट्टीवर. तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदारांचा दाखला मिळतो, तो चालतो. अमुक इतकं उत्पन्न हवंच, असा आकडा नियमात नाही. मूल सांभाळण्याची आर्थिक ताकद आहे का, एवढंच बघतात. कर्ज असेल तर लपवू नका. आमच्यावर पंपाचं कर्ज होतं, हप्ते वेळेवर जात होते, समाजसेविकेने पासबुक बघितलं आणि पुढे गेली.

घाई करायची ती कागद चढवण्यात. प्रतीक्षायादीतला क्रम नोंदणी आणि कागद पूर्ण होण्यावर ठरतो. पोर्टलवर तुमचा नंबर तुम्हालाच दिसतो. अगदी लहान, निरोगी बाळ हवं असेल तर आता तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं असं धरून चाला. अर्जदार भरपूर आणि दत्तकासाठी कायद्याने मोकळी झालेली मुलं थोडी. मोठ्या वयाच्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलासाठी मन तयार असेल तर वाट बरीच कमी होते. पण फक्त वेळ वाचतो म्हणून तो पर्याय निवडू नका. ज्या मुलाला दर महिन्याला उपचारासाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागणार, त्याचा खर्च आयुष्यभराचा आहे आणि तो वहीत आधी मांडून मगच हो म्हणा.

नवरा-बायकोच्या वयांची बेरीज मोजली जाते, हेही लक्षात ठेवा. आताच्या नियमात दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही बेरीज ८५ च्या आत लागते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० च्या आत. “अजून एकदा आयव्हीएफ करून बघू” म्हणत दोन-तीन वर्षं काढणाऱ्यांना मी हेच सांगते. तिकडे एका फेरीला लाखाच्या वर जातात आणि इकडे बेरीज वाढत जाते.

घराची तपासणी

गृह अध्ययन म्हटलं की लोक रंग काढतात. आमच्या वाडीतल्या एकाने कौलं काढून स्लॅब घालायचं मनावर घेतलं होतं! काही गरज नाही. समाजसेविका भिंती बघायला येत नाही. ती तुम्हा दोघांशी वेगवेगळं बोलते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारते, मूल दत्तक आहे हे त्याला कधी आणि कसं सांगणार हे विचारते. आमच्याकडे सासूबाईंनी चहा देताना तिला सरळ विचारलं, “पैसे भरून प्वार आणतत, तर तां आमचां कसां होतला?” मी गार पडले. ती बाई शांतपणे मांडी घालून सासूबाईंजवळ बसली आणि अर्धा तास त्यांच्याशीच बोलली. पैसे मुलाचे नसतात, संस्थेतल्या मुलांच्या दुधाचे, औषधांचे आणि कागदपत्रांचे असतात, हे तिने त्यांना इतकं सोपं करून सांगितलं की पुढे वाडीत हा प्रश्न आला की उत्तर सासूबाईच द्यायच्या. शेजारणीने “चेडू (मुलगी) केवढ्याक पडलां गो?” विचारल्यावर त्या म्हणाल्या, “चेडवाचे काय नाय. कागदांचे चोपन हजार.”

एक गोष्ट मात्र समाजसेविकेने घराभोवती फिरून नीट बघितली, ती म्हणजे विहीर. मागच्या दारापासून दहा पावलांवर, कठडा गुडघ्याएवढा, रहाटाच्या बाजूने मोकळी. तिने काही लिहून घेतलं नाही, नुसतं विचारलं, “इथे काय करणार?” आम्ही कठडा चिऱ्याचे दोन थर वाढवला आणि वर लोखंडी जाळी बसवून तिला कडीकोयंडा केला. चिरे, सिमेंट, गवंडी आणि वेल्डर मिळून नऊ हजारांच्या आसपास गेले. रंगाचे पैसे असतील तर ते इथे घाला. विहीर नसेल तर पडवीच्या पायऱ्यांना दार लावा आणि आंब्यावर मारायची औषधं कुलपात ठेवायला पेटी करा. गृह अध्ययनाचा अहवाल तीन वर्षं चालतो. वाट लांबली तर तो पुन्हा ताजा करून घ्यावा लागतो, त्याची तयारी असू द्या.

मूल आणायला जाताना

मूल कोणत्या जिल्ह्यातून येईल हे तुमच्या हातात नाही. आम्हाला बोलावणं आलं विदर्भातून. देवगडचा माणूस विदर्भात जाणार कसा? फोंडा घाटाने कोल्हापूर, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस, बडनेऱ्याला उतरायचं. पूर्ण एक दिवस गाडीतच. ठरलेल्या मुदतीत जायचं असल्याने आरक्षण मिळेल ते घ्यावं लागतं. राहायला साधा लॉज, जेवण, रिक्षा. परत येताना मात्र काटकसर करू नका. चौदा महिन्यांचं लेकरू, ज्याने आजवर संस्थेचं आवार सोडलेलं नाही, त्याला घेऊन स्लीपरच्या डब्यात बसणं त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही हाल आहेत. आम्ही येताना वातानुकूलित डबा घेतला आणि कोल्हापूरहून खाजगी गाडी ठरवली. प्रवास आणि मुक्काम धरून आमचे अठरा हजार झाले. दुसऱ्या राज्यात जायचं झालं तर याच्या दुप्पट धरा.

मुलाचा वैद्यकीय अहवाल आधीच मिळतो. तो आपल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवून समजून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. तपासणीचे जे काही चार-पाचशे जातील ते संकोच न करता द्या. प्रत्यक्ष भेटून मनाची तयारी होत नसेल तर नकारही देता येतो, फक्त त्या फेरीचा खर्च आपलाच.

आधीपासून कपडे, पाळणा, बुटांची खरेदी करू नका. तुम्ही शून्य ते दोन वर्षं असा पर्याय निवडला असेल तर येणारं बाळ पाच महिन्यांचं असू शकतं किंवा बावीस महिन्यांचं. संस्थेला फोन करून विचारा की ते दूध कुठलं देतात, साबण कुठला, रात्री दिवा लागतो का. निदान महिनाभर तेच सगळं तसंच चालू ठेवा. आमची मुलगी तिथे स्टीलच्या वाटीतून मऊ वरणभात खायची. मी हौसेने घेतलेली कार्टूनची ताटली तिने लोटून दिली, वाटी दिल्यावर जेवली.

खरा पैसा कुठे गेला

माझ्या वहीत सगळ्यांत मोठी रक्कम संस्थेच्या नावावर नाही. ती आहे ‘बिनपगारी रजा’ या नावाखाली. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, पण तेव्हाच्या नियमात मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आता गणित बघा. आईने स्वतः संस्थेत सोपवलेल्या बाळासाठी तिला फेरविचार करायला ६० दिवस दिलेले असतात. सापडलेल्या बाळाचे पालक शोधून ते दत्तकासाठी मोकळं जाहीर करायलाही दोन महिने जातात. त्यानंतर पोर्टल, राखून ठेवणं, भेट. तीन महिन्यांच्या आत बाळ कोणाच्या घरी पोचणार? शिवाय तो कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना होता, आणि आमच्या पतपेढीत आम्ही सहाजण. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाईला वर्षाच्या आतलं मूल असेल तर १८० दिवस मिळतात, वडिलांना १५. बाकीच्यांनी आपल्या साहेबांना आधीच लेखी विचारून ठेवावं.

मी सहा महिने घरी राहिले. पगार १४,०००. म्हणजे ८४,००० रुपये आलेच नाहीत. फी, चारही भेटी, सगळं धरूनही ते ५४,००० आणि हे ८४,०००. तरी मी म्हणेन, काटकसर करायची तर दुसरीकडे करा, इथे नको. पहिले काही आठवडे ती फक्त माझ्या पदराला धरून असायची, मी न्हाणीघरात गेले तरी दाराशी बसून रडायची. त्या दिवसांत तिला पाळणाघरात ठेवून मी कॅश मोजू शकले नसते. म्हणून नाव नोंदवल्यापासूनच एका पगाराच्या निम्म्याएवढी आवर्ती ठेव सुरू करा. वाट लांब असतेच, ती तेवढ्यासाठी उपयोगी पडते.

दुसरा न दिसणारा खर्च पहिल्या पावसाळ्याचा. संस्थेतून आलेलं मूल नव्या हवेत आलं की सर्दी-खोकला ठरलेला, त्यात आमची ओल. जूनपासून दुपटी वाळत नाहीत, चुलीवरच्या दोरीवर टाकली तर धुराचा वास. डायपरशिवाय गत्यंतर नाही. त्या चार महिन्यांत डायपर, औषधं आणि कणकवलीच्या डॉक्टरांच्या फेऱ्या यांत महिन्याला साडेतीन-चार हजार सहज गेले. लसी मात्र विकत घेऊ नका. राहिलेल्या लसी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, संस्थेचं लसीकरण कार्ड घेऊन जा.

बारसं तुमच्या ऐपतीवर. भावकी म्हणेल गावजेवण घाला. आम्ही घरच्या घरी घाटल्याचा नैवेद्य केला आणि वाडीत पेढे वाटले.

हे पैसे देऊ नका

“ओळखीचे डॉक्टर आहेत, अमुक ठिकाणी एक मुलगी अडचणीत आहे, तीन लाखांत बाळ हातात, जन्मदाखल्यावर थेट तुमचंच नाव.” हे आमच्याही कानावर आलं होतं, चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून. ही मुलाची खरेदी आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. त्यात दवाखान्यातला माणूस असेल तर त्याला तीन ते सात वर्षं. शिवाय ते मूल कधीही तुमच्याकडून काढून घेतलं जाऊ शकतं. असं कुठे मूल असल्याचं कळलं तर १०९८ ला फोन करा. “यादीत नंबर वर आणून देतो” म्हणणाराही तसलाच. नंबर पोर्टल लावतं, माणूस नाही.

नात्यातलं मूल, म्हणजे दिराचं किंवा बहिणीचं, घ्यायचं असेल तर वाट वेगळी आहे. बाल न्याय कायद्याखाली तेही पोर्टलवरून होतं. हिंदू दत्तक कायदा, १९५६ खाली दुय्यम निबंधकांकडे दत्तकपत्र नोंदवूनही होतं. मुद्रांक, नोंदणी आणि वकील एवढाच खर्च. मूल देणाऱ्याला पैसे देणं इथेही गुन्हाच आहे, मग ते “भावाच्या घराला हातभार” म्हणून का असेना. भावकीत जमिनीवरून आधीच कुरबूर असेल तर नोंदणी टाळू नका. दत्तक मुलाचा हक्क पोटच्या मुलाइतकाच असतो, पण सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली की चुलते कागद मागतात.

आदेशानंतर

आमच्या वेळी दत्तकाचा आदेश न्यायालयातून आला. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. अर्ज संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. आमच्याकडून वकिलाचे वेगळे पैसे कोणी मागितले नाहीत, तुमच्याकडे मागितले तर कशासाठी ते लेखी विचारा. आदेशावरून जन्मदाखला मिळतो, त्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं असतात. मग आधार, रेशनकार्ड, आरोग्यविम्यात नाव. विमा कंपनीला आदेशाची प्रत लगेच पाठवा, पुढच्या नूतनीकरणाची वाट बघू नका. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढा, वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं.

आदेश, वैद्यकीय अहवाल, पावत्या, संस्थेने दिलेले फोटो, सगळं जपून ठेवा. अठरा पूर्ण झाल्यावर मुलीला आपल्या मुळाबद्दल माहिती मागायचा हक्क आहे, तेव्हा तिला हेच कागद लागतील. आमच्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी येते आणि कसर लागते. पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, डांबरगोळ्या टाका, दर दिवाळीला उन्हात काढा. मूळ आदेश लॅमिनेट मात्र करू नका.